अंजूचा आकडा

"चौदा पेपर आन् हुशार पोरं तीन. वाटून द्या की. दीड तासाचं काम हाय," आप्पाराव म्हणाले आणि सील लावलेला गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला. घाट चढून आल्यानं त्यांची मोटारसायकल दारात अजून तापलेली होती आणि त्यांचा गुडघाही. खुर्चीत बसता बसता ते कण्हले.

पंचशीलाबाईंनी गठ्ठ्याला हात लावला नाही. "कुणाचे चौदा, सर?"

"कुणाचे म्हंजी? ऊसतोडीला गेलेल्या पोरांचे. तुमाला काय म्हाईत न्हाई का?"

माहीत नसायला काय झालं होतं? धारूरच्या डोंगरातल्या चिंचदऱ्याच्या शाळेचा पट तेवीसचा. दिवाळी झाली की टोळ्या ट्रॅक्टरवर चढत आणि पटावरची चौदा मुलं आईबापांसोबत निघून जात, ती थेट गुढीपाडव्याला परतत. मुलांना गावातच ठेवून घेणारं हंगामी वसतिगृह यंदा मंजूरच झालं नव्हतं. आणि राज्याची चाचणी नेमकी याच दिवसांत येई. ज्यानं ते वेळापत्रक आखलं त्याच्या घरात ऊस फक्त रसवंतीतून येत असावा.

चाचणीचे गुण मोबाईलवर भरायचे, त्यावरून शाळेची श्रेणी ठरायची आणि श्रेणीवरून बाईंचं मूल्यमापन. इथवर बाईंनी कधी फिकीर केली नव्हती. पण यंदा वरून नवीनच फतवा आला होता. चाचणीला जेवढी मुलं बसतील तेवढाच शाळेचा खरा पट धरायचा. पट वीसच्या आत आला की शाळेचं नाव बंद करायच्या यादीत जाणार होतं. मग चिंचदऱ्याच्या पोरांनी घाट उतरून, ओढा ओलांडून चार किलोमीटरवरच्या शाळेत जायचं. पहिलीतली पोरं ते करतील असं यादी करणाऱ्यांनाही वाटत नव्हतं.

"नऊ पोरं दाखवली तर शाळा गेली म्हून समजा," आप्पाराव म्हणाले. "मी तुमच्याच भल्याचं सांगायलो. तेवीस दाखवा, पास दाखवा, शाळा ऱ्हाती. कोन येतंय तपासायला?"

यातला शब्द न् शब्द खरा होता, हीच तर पंचाईत होती. समोरचा माणूस वाईट असता तर बाईंनी त्याला सरळ केलं असतं. आप्पाराव वाईट नव्हते. केंद्रप्रमुख म्हणून अकरा शाळा त्यांच्याकडे होत्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि या गुडघ्यानिशी ते घाट चढून आले होते ते खरंच शाळा वाचवायला.

दीपमाला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. चौथीतली पोर. आजीपाशी गावात राहिली म्हणून शाळेत. आप्पारावांनी तिला जवळ बोलावलं.

"ये गं. अंजू तुझी मैत्रीण ना? तिचा पेपर उद्या तू लिहून टाक. अक्षर जरा तिरपं काढायचं, बस."

दीपमालानं बाईंकडं पाहिलं. मग तिनं सरांकडं पाहिलं.

"न्हाई सर. अंजूचा आकडा मला म्हनता येत न्हाई."

"आकडा? कसला आकडा?"

आता हे बाहेरच्याला कळणं कठीण होतं. पंचशीलाबाईंच्या शाळेत हजेरीला कुणी 'हजर बाई' म्हणत नसे. सोमवारी दोनचा पाढा, मंगळवारी तीनचा, अशी वारांप्रमाणे वाटणी लावलेली होती. पहिल्या नंबरानं पाढ्यातला पहिला आकडा म्हणायचा, दुसऱ्यानं दुसरा, आणि तेविसाव्या नंबरापर्यंत पाढा दहावर न थांबता पुढं जायचा. पोरं गैरहजर असली की आकडे गळत. अशा वेळी पुढच्यानं मनातल्या मनात मोजून आपलाच आकडा म्हणायचा. वर्गाचा एकच कडक नियम होता. रिकामी जागा रिकामी ठेवायची, दुसऱ्याचा आकडा आपण म्हणायचा नाही. चौदा पोरं गेल्यावर हजेरीत कितीतरी वेळ नुसती शांतता असे आणि उरलेली नऊ पोरं त्या शांततेत बोटं मोजत बसत. गुरुवारी पाचचा पाढा. तेराव्या नंबरच्या अंजूचा आकडा पासष्ट.

दीपमालानं हे सगळं सरांना आपल्या पद्धतीनं सांगितलं आणि ती तांब्या ठेवून निघून गेली. आप्पाराव हसले, पण ते हसू काही टिकलं नाही.

"सर," पंचशीलाबाई म्हणाल्या, "तिसरीत असताना मला तुमीच हजर लावलं होतं. आठवतं का?"

आप्पारावांनी चष्मा काढला. त्यांना आठवत होतं. पहिल्याच नेमणुकीवरचा विशीतला मास्तर आणि बन्सी ओव्हाळाची आठ वर्षांची पोर. बन्सी आणि त्याची बायको पारूबाई ऊसतोडीच्या फडात गेले तेव्हा पोरगीही गेली होती. हंगामभर ती कारखान्याच्या शिवारात पाणी वाहत होती आणि वर्षभर ती शाळेत हजर होती, कागदावर. परीक्षेलाही बसली होती. पासही झाली होती.

"तुझ्या बापानं हात जोडलते, पोरी," आप्पाराव म्हणाले. 'बाई' गळून 'पोरी' कधी आलं ते त्यांनाही कळलं नाही. "नाव कमी केलं असतं तर पुन्यांदा तुला कुनी घेतलं नसतं शाळेत. मी वाईटाला न्हाई केलं."

"वाईटाला न्हाईच केलं, सर. पर दरसाल हेच झालं आन् पाचवीत मला माझं नाव वाचता येत नव्हतं. रेकॉर्डला मी पहिल्या पाचात. सगळा वर्ग हसला. दुपारच्या सुट्टीत मी पहिलीच्या वर्गात जाऊन बसायची, बारकाल्या लेकरांत. पाय मावत नव्हते बाकात." बाईंचा आवाज चढला. "मी शाळेत नव्हते हे कुणालाच म्हाईत नव्हतं, सर. कागदानं मला खाऊन टाकलं होतं. या चौदा पोरांचं मी तसं होऊ देनार न्हाई."

"मग शाळा जाऊ देनार?"

बाईंनी गठ्ठा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

त्या संध्याकाळी घरी जाताना त्या दीपमालाच्या दारात थांबल्या. अंजूच्या बापाचा, म्हाळूचा, फोन येत असतो का, एवढंच त्यांनी विचारलं. दीपमाला म्हणाली, "मागल्या बाजाराला आलता. माजलगावच्या पाटाजवळ कोप्या हायेत त्यांच्या. आपल्या गावची लई जनं तिथंच हायेत बाई. बाकीचे कर्नाटकात गेले."

गुरुवारी सकाळी पंचशीलाबाईंनी, कामासाठी बाहेर जाताना नोंद करायचं, हालचाल रजिस्टर उघडलं आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'चौदा विद्यार्थ्यांची चाचणी घेण्यासाठी माजलगावकडे'. खाली सही केली, वेळ टाकली. शाळेतले दुसरे शिक्षक समाधान सर बाजूला उभे राहून पाहत होते. तीन वर्षांची नोकरी झालेला माणूस. त्यांचा चेहरा पडला.

"बाई, हे लेखी कावून ठेवता? गुपचूप जा की. पेपर शाळेबाहेर न्यायचे न्हाईत, असा नियम हाय. रेकॉर्ड नको."

"गुपचूप जायला मी काय चोरी करायले का?" बाई म्हणाल्या. "हितल्या नऊ पोरांचे पेपर तुम्ही घ्या. एकाला पण हळूच सांगायचं न्हाई."

धारूरहून माजलगावची एसटी, तिथून रिक्षा आणि शेवटी पाटाच्या कडेनं पायी. डोंगरात दगड तुडवणाऱ्या पायांना ती हिरवी, ओली जमीन परकी वाटत होती. दोन्हीकडं उसाचे फड. पाचटाच्या झोपड्या, त्या कोप्या, दिसल्या, पण त्यात माणूस नव्हतं. पलीकडं कोयत्यांचा आवाज येत होता. बाई बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. हातात पेपरांचा गठ्ठा, काखेत हजेरीची वही, डोळ्यांवर चष्मा.

त्यांना पाहताच फडात एकच धांदल उडाली. कुणीतरी शीळ घातली आणि मोळ्या बांधणारी, उसाचे हिरवे शेंडे, वाढे, गोळा करणारी सगळी पोरं क्षणात उभ्या उसात गडप झाली. आपलीच पोरं आपल्याला पाहून पळाली हे बाईंना आधी कळलंच नाही.

मुकादम सटवा पुढं आला. "काय पायजे? आमच्याकडं बारकं लेकरू एक बी कामाला न्हाई. गेल्या आठवड्यात बी सांगितलं, बालकामगार तपासायला आलेल्या मॅडमला."

"मी ती मॅडम न्हाई. मी चिंचदऱ्याच्या शाळेची बाई."

"कुनाची का असंना. लेकरं न्हाईत हितं."

आता याच्याशी हुज्जत घालून उपयोग नव्हता. बाईंनी चष्मा सारखा केला, हजेरीची वही उघडली आणि वर्गात घेतात त्याच आवाजात पहिलं नाव पुकारलं. तो पोरगा गावातच होता. बाईंनी त्याच्या आकड्यापुरता वेळ सोडला. दुसरं नाव. शांतता. तिसरं. शांतता. कोयते थांबले होते आणि बाया कमरेवर हात ठेवून बघत होत्या. बाई काय करतायत ते सटवाला कळेना.

"अभिमन्यू."

उसाचा पाला जरा हलला. आतून एक बारीक आवाज आला.

"वीस."

"वीसच. शाबास." बाईंनी टिंब मांडलं. पुढची दोन नावं रिकामी गेली. सातव्याला डावीकडच्या सरीतून "पस्तीस!" आलं, आठव्याला पार मागून "चाळीस!" आलं. मग पोरांना काय स्फुरण चढलं कुणास ठाऊक, आकडे ओरडूनच येऊ लागले. फडातल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. पोरांनी मधल्या जागा कुठंही चुकवल्या नव्हत्या. गावात राहिलेल्यांचे आकडे ती उसात लपूनसुद्धा मनात मोजत होती.

बाराव्या नंबरला दीपमाला. गावात. बाई थांबल्या.

"अंजू."

काही आलं नाही.

म्हाळू हातातला कोयता खाली टेकवून उभा होता. "ती न्हाई आता शिकत, बाई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात रोष नव्हता, थकवा होता. "तिच्या मायला लेकरू झालंय. ते कोन सांभाळनार? पाडव्यानंतर बी तिला धाडायचं न्हाई असं ठरवलंय आमी."

"मी तुमाला न्हाई विचारलं, म्हाळूभाऊ. मी अंजूला हाक मारली."

बाईंनी पुढचं नाव घेतलं नाही. वर्गात त्या जेवढं थांबत त्याच्या कितीतरी पट थांबल्या. मग कोपीच्या मागून अंजू आली. कडेवर तान्हं भावंड, केसांत पाचट, दंडावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. ती खाली बघत होती.

"पासष्ट," ती म्हणाली.

हजेरी संपली तेव्हा चौदांतली नऊ निघाली. पाच कर्नाटकात गेलेली. वाढ्यांच्या ढिगावर पोरं बसली, मांडीवर पाट्यांऐवजी ताटल्या उलट्या घेतल्या आणि पेपर सुरू झाला. सटवानं आधी कुरकुर केली. ट्रॅक्टर भरायचा खोळंबा होत होता. मग बाईंनी त्याला घड्याळ दाखवून सांगितलं, "दीड तास. तुमचा ट्रॅक्टर नंतर बी भरेल, यांचा पेपर न्हाई." तो बांधावर जाऊन बिडी ओढत बसला. पेपरात प्राणिसंग्रहालयाच्या सहलीवर उतारा होता. सहल आणि प्राणिसंग्रहालय या दोन्ही गोष्टी पोरांनी पुस्तकातच पाहिलेल्या. तरी बाईंनी एक अक्षर सांगितलं नाही. अभिमन्यूनं केविलवाणं पाहिलं तेव्हा त्यांनी मान दुसरीकडं वळवली. ते त्यांना फार जड गेलं.

अंजूनं तान्ह्याला मांडीत घेऊन लिहिलं. पेपराचा एक कोपरा बाळानं चोखून ओला केला.

निघताना म्हाळू पाटाच्या पुलापर्यंत सोडायला आला. पुलाशी येऊन म्हणाला, "तुमी एवढ्या लांब आलाव, बाई. आमी तिला सांगितलंतं, शाळेत तुझं नाव आता कुनी घेत न्हाई म्हून."

"रोज घेते," बाई म्हणाल्या. "तिला सांगा."

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. प्रश्नपत्रिका शाळेच्या आवाराबाहेर नेल्याबद्दल आपली वेतनवाढ का रोखू नये आणि आपली बदली का करू नये, याचा खुलासा करा. समाधान सर दोन पानी माफीचा मसुदा लिहून घेऊन आले. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि स्वतः चार ओळी लिहिल्या. 'होय, प्रश्नपत्रिका नेल्या. चौदा नेल्या, नऊ वापरल्या, पाच कोऱ्या परत आणल्या. कोऱ्या सोबत जोडल्या आहेत. ज्यांनी लिहिलं त्यांचेच गुण भरले आहेत.' मजकूर वाचून समाधान सरांनी कपाळाला हात लावला.

पुढच्याच गुरुवारी तालुक्याचे साहेब पडताळणीला आले. आप्पाराव त्यांच्या मागं फाईल घेऊन उभे होते, बाईंच्या नजरेला नजर देत नव्हते. साहेबांनी नऊ पेपर टेबलावर पसरले. पाचटाचे डाग, मातीचे ठसे. त्यांनी ओल्या कोपऱ्याचा पेपर बोटांच्या टोकानं उचलला.

"हे काय आहे? प्रश्न आहे 'तू सुट्टी कशी घालवतेस, पाच वाक्ये लिही'. ऐका हिचं उत्तर." साहेब वाचू लागले. "मला पाडव्याला सुट्टी लागते. सुट्टी लागली की मी गावाला जाते. सुट्टीत मी रोज शाळेत जाते. सुट्टीत मला दप्तर असते. दिवाळी झाली की माझी सुट्टी संपते." त्यांनी पेपर खाली ठेवला. वाचायला सुरुवात केली होती त्या जोरात त्यांना शेवट करता आला नव्हता. "उत्तर चूक आहे. तुम्ही पूर्ण गुण दिलेत."

"पाच वाक्यं हायेत, साहेब. पाचही शुद्ध हायेत. तिला प्रश्न कळलाय आणि तिनं खरं लिहिलंय. चूक कुणाची ते तुम्ही ठरवा, पर गुण तिचे मी कापणार न्हाई."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "बाई, तुमचं सगळं मान्य केलं तरी अठराच होतात. त्यातलेही नऊ नियमाबाहेर. मला नऊच धरावे लागतील. शाळा यादीत जाईल. केंद्रप्रमुखांनी तुम्हाला मार्ग सुचवला असेल ना?"

आप्पाराव फाईलमध्ये बघू लागले.

"सुचवला असता तर मी ऐकला नसता," बाई म्हणाल्या. रागानं त्यांचे कान तापले होते, पण शब्द सरळ येत होते. "घाला यादीत. पर यादीत लिहा की दिवाळी ते पाडवा नऊ, आणि पाडव्यापासनं तेवीस. चौदा पोरांची नावं लिहा, ती कुठल्या फडात हायेत ते लिहा. मी पत्ते देते. वर कुणाला शाळा बंद करायची असंल तर त्यांनी ती नावं वाचून बंद करावी. मला खुशाल बदला. दुसऱ्या शाळेत बी मी हेच करीन."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे. तुमचं म्हणणं लेखी जोडतो. आता हजेरी घ्या माझ्यासमोर. किती आहेत ते पाहू आणि निघू."

नऊ पोरं ओळीत बसली. पंचशीलाबाईंनी वही उघडली आणि पहिलं नाव घेतलं.

"पाच!"

"दहा!"

तिसरं नाव. शांतता. चौथं, अभिमन्यू. शांतता. साहेबांच्या कपाळावर आठी आली. पोरं बोटांची पेरं मोजत होती. "पंचवीस," पाचव्यानं म्हटलं आणि साहेबांनी कागदावर रेघ मारली. सहावा, सातवा, आठवा, कुणी नाही. प्रत्येक रिकाम्या नावाला बाई थांबत होत्या. पेन टेबलावर टकटक वाजू लागलं.

"साठ!" दीपमालाचा आवाज खणखणीत आला.

"अंजू," बाई म्हणाल्या.

वर्गात कुणी हललं नाही. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली.

"पुढं घ्या ना, बाई," साहेब म्हणाले. "नाहीये ती, दिसतंय आम्हाला."

"थांबा साहेब," मागून आप्पाराव म्हणाले. त्यांनी फाईल मिटून छातीशी धरली होती आणि ते प्रथमच बाईंकडं सरळ पाहत होते. "तिची पाळी हाय."

साहेबांचं पेन थांबलं. पंचशीलाबाई वहीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या, तान्ह्याला कडेवर घेतलेल्या पोरीला पासष्ट म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं.

"सिदू."

"सत्तर!" सिदू ओरडला.